टेंटर लेनची राखेची वही

१

विल्फचा आवाज अजून माझ्या कानात आहे. मी सात-आठ वर्षांचा असेन. नोव्हेंबरातला पहिला शनिवार, दोन्ही संघ मैदानाच्या मध्यावर माना खाली घालून उभे, आणि खांबावरच्या भोंग्यातून विल्फ नावं वाचतोय. जात्यात मूठमूठ दाणे सोडावेत तशी सावकाश. "आर्थर होल्ट. मेरी होल्ट. सिड ग्रिमशॉ, गोलरक्षक." प्रत्येक नावानंतर तो श्वास घ्यायचा आणि भोंग्यातून तोही ऐकू यायचा.

ती नावं राखेच्या वहीतली. ब्रिअरशॉ टाऊन या आमच्या फुटबॉल संघावर जीव असलेलं माणूस गेलं की घरचे त्याची राख टेंटर लेनच्या मैदानावर आणतात. एका टोकाला कालवा, दुसऱ्या टोकाला बंद पडलेली सूतगिरणी; राख पुरायची ती गिरणीच्या टोकाला, गोलच्या मागे. मैदान राखणारा हातभर खड्डा घेतो, आणि वहीत नाव, तारीख, डाव्या खांबापासून किती पावलं, दहनाच्या दाखल्याचा आकडा असं सगळं मांडतो. विल्फ स्वतः आता त्या वहीत आहे. डाव्या खांबापासून नऊ पावलं.

आमच्या लोकांचं एक गाणं आहे, पायऱ्यांवर उभं राहून म्हणायचं:

पुढे कालवा, मागे गिरणी
मधे आपली हिरवी धरणी

या मार्चमधल्या दुसऱ्या शनिवारी सामन्याचं मध्यंतर झालं होतं. लोक टोक बदलायला निघाले होते, मटण भरलेल्या वाफाळत्या पेस्ट्र्या आणि चहाचे पेले सांभाळत. मी मुख्य स्टँडमध्ये बसून टिपणं काढत होतो. सामन्याच्या दिवशी विकायचं चार पानी पत्रक मी लिहितो. क्लिफ ओग्डन पायऱ्या चढून आला. चाळीस वर्षं त्या मैदानाची निगा राखणारा माणूस, कधी धावताना पाहिला नव्हता. त्याला धाप लागली होती.

"वही नाही," तो म्हणाला.

२

वही नाही म्हणजे काय, हे त्या आठवड्यात गावात कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

गिरणीच्या टोकाच्या पायऱ्या शंभर वर्षांच्या. काँक्रीटमधून गवत आलेलं, छपराखाली जाळी बांधलेली. पुढच्या हंगामापासून तिथं लोकांना उभं राहू देणार नाही, असं नगरपालिकेनं कळवलं होतं. तसं झालं तर संघाला अकरा मैलांवरच्या भाड्याच्या मैदानावर जावं लागणार होतं. वाट एकच होती. पडक्या गावांच्या उभारणीसाठी सरकारनं निधी काढला होता, त्यातून नवा स्टँड, आणि त्याच्या पोटात दवाखाना आणि मुलींच्या संघासाठी खोल्या. चाहत्यांच्या मंडळात यावरून दोन तट पडले. भाऊ भावाशी बोलेना, आणि मटणाच्या पेस्ट्र्यांची दुकानंसुद्धा लोकांनी तटांप्रमाणे वाटून घेतली.

पालिकेची शेवटची अट आठ दिवसांपूर्वीच आली होती. खोदाईआधी पुरलेली राख जपून हलवायची. त्यासाठी प्रत्येक नावामागे घरच्यांची लेखी संमती हवी, आणि मूळ वही हवी, कारण प्रत्येक नाव दाखल्याच्या आकड्याशी ताडून पाहणार. मुदत शुक्रवार दुपारी बारा. वही नसेल तर पैसा दुसऱ्या गावाला.

"पोलिसांत गेलो तर आठवडा जाईल," मंडळाचा अध्यक्ष नवीद अख्तर म्हणाला. त्याचं औषधाचं दुकान आहे, आणि तो कुठल्याही गोष्टीचा डोस ठरवल्यासारखं बोलतो. "आणि मी शोधायला लागलो तर हॅरल्ड म्हणेल, चोरच चोर शोधतोय. दोन्ही तट ऐकतील असं माणूस हवं."

असं माणूस गावात एकच होतं. विनिफ्रेड ऑल्कॉक. अडतीस वर्षं त्यांनी ब्रिअरशॉचे जन्म आणि मृत्यू नोंदवले. दोन्ही तटांतल्या घराघरांतली बारशी त्यांच्या शाईनं झाली होती. शिवाय फुटबॉल त्यांना मुळीच आवडत नसे.

रविवारी सकाळी मी त्यांना मैदानावर नेलं. गिरणीच्या टोकाला, पायऱ्यांच्या कडेला क्लिफची लाकडी खोली आहे. दार पायऱ्यांकडे तोंड करून. शेजारी गल्लीत उघडणारं लहान फाटक, आतून कडी असलेलं. खोलीचं कुलूप शाबूत होतं. पत्र्याची पेटी उघडी, रिकामी.

"किल्ली कुठे असते?" बाईंनी विचारलं.

मी दाराजवळची उपडी बादली पायानं सरकवली. किल्ली तिथंच होती.

बाईंनी ती उचलली नाही. नुसती पाहिली. "म्हणजे घेणारं माणूस तुमच्या घरातलंच आहे," त्या म्हणाल्या. "परक्यानं कुलूप तोडलं असतं."

३

हॅरल्ड शटलवर्थ निवृत्त बसचालक. 'टोक वाचवा' हे त्याच्या तटाचं नाव, आणि त्याच्या खिडकीत त्याच अक्षरांचा फलक. त्यानं आम्हाला आत घेतलं, पण बसा म्हणाला नाही.

"माझ्याकडेच पहिली आलात ना बाई? येणारच. वही हरवली की फायदा कुणाचा, हॅरल्डचा. गाव इतकं हुशार झालंय अलीकडे."

"फायदा आहे का तुमचा?"

"आहे ना. शुक्रवार गेला की टोक वाचलं. पण माझी आई आहे त्या वहीत. बारा पावलांवर. आईचं नाव चोरून मी टोक वाचवू? मला उभारणी नको असं नाही. गावातलं वाचनालय बंद केलं, पोहण्याचा तलाव बंद केला, तेव्हा हा निधी कुठं झोपला होता? आता म्हणे पाडू आणि उभारू. यांची उभारणी पाडण्यापासूनच सुरू होते."

"शनिवारी तुम्ही कुठे होतात?"

"अडीचपासून तीनला पाच कमी होईपर्यंत मुख्य दारात, पत्रकं वाटत. तो रखवालदार मला अडवत होता, पाच-सात मिनिटं आमची जुंपली. विचारा या लेखकाला, हा बाजूनं मान खाली घालून गेला." ते खरं होतं. "मग चहा घेऊन टोकाला जाऊन टेकतो न टेकतो तर आम्हाला पुन्हा चालायला लावलं. निम्मा चहा बाहीत. पहिला अर्धा तास तर बाही पिळण्यात गेला. मी नाही उघडली कुणाची खोली."

बाहेर आल्यावर बाईंनी विचारलं, "लोक चालतात कुठे? सामना पाहायला येतात की फिरायला?"

मी सांगितलं. आमचे लोक एका जागी उभे राहत नाहीत. आपला संघ ज्या गोलवर हल्ला करतो, त्या गोलमागे जाऊन उभे राहतात, आणि मध्यंतरात दुसऱ्या टोकाला जातात. पूर्वार्धात कालवा, उत्तरार्धात गिरणी. म्हणजे शेवटचे गोल आपल्या गेलेल्या माणसांच्या डोळ्यांसमोर व्हावेत.

"म्हणजे पूर्वार्धात गिरणीचं टोक ओस असतं."

"चिटपाखरू नसतं. म्हणूनच चोरी पूर्वार्धात झाली असं सगळे म्हणतात. क्लिफनं पावणेतीनला वही पेटीत ठेवली, मध्यंतरात पेटी उघडली तर रिकामी."

नवीद दुकानामागच्या खोलीत भेटला. टेबलावर नव्या स्टँडचा पुठ्ठ्याचा नमुना होता.

"आंटी, हॅरल्ड काय म्हणाला ते मी सांगतो. नवीदनंच वही गायब केली, कारण अर्ध्या घरांनी संमती दिली नाही आणि त्याला ती लपवायचीय. बरोबर?"

"तसं तो नाही म्हणाला. संमती दिली का घरांनी?"

"सगळ्यांनी. ती सगळी डोरीनची कमाई. डोरीन हॅसलम, आमची चिटणीस. दारोदार गेली, प्रत्येकाच्या घरी चहा प्याली, प्रत्येकाच्या माणसासाठी थोडी रडली, सही घेऊन आली. मी गेलो असतो तर लोकांनी खोकल्याचं औषध मागितलं असतं." तो थांबला. "माझ्या अब्बांना कब्रस्तानात नेलं, आमच्यात राख नसते. पण ते तीस वर्षं त्या टोकाला उभे राहिले. नव्या स्टँडमधल्या नावांच्या भिंतीवर त्यांचं नाव लागणार होतं. मी कशाला वही चोरू?"

"शनिवारी?"

"तीनच्या आधी पंधरा मिनिटं मैदानाच्या मध्यावर. मुलींच्या संघाला पदकं द्यायची होती. अख्ख्या गावानं पाहिलं. नंतर लोकांत."

"लोकांत म्हणजे कुठे?"

"कुठे म्हणजे, गोलमागे," नवीद म्हणाला, आणि फोन वाजला म्हणून उठला.

बाईंनी त्यांच्या लहान वहीत काहीतरी लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली. काय ते मला दिसलं नाही.

४

क्लिफ बाईंशी बोलताना टोपी हातात फिरवत राहिला.

"सकाळी पुन्हा पावलं मोजून बघत होतो बाई. पालिकेला चूक नको जायला. पावणेतीनला वही पेटीत ठेवली, कुलूप लावलं, आणि जाळी तपासायला मैदानात गेलो. मध्यंतरापर्यंत खोलीकडे फिरकलो नाही."

"किती नावं आहेत वहीत?"

"त्रेसष्ट," क्लिफ म्हणाला. मग टोपी थांबली. "चौसष्ट. चौसष्ट बाई."

"चाळीस वर्षं ती वही तुमच्या हातात आहे."

"वय झालं."

"कुणावर संशय?"

त्यानं मैदानाकडे पाहिलं. गवतावर कुठं एक पान पडलं तरी त्याला दिसतं, पण त्या वेळी तो काहीच पाहत नव्हता. "मी माती उकरतो बाई," तो म्हणाला. "माणसं नाही."

डोरीन हॅसलमचं घर कालव्याच्या बाजूच्या ओळीत. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, गळ्यात संघाचा निळा रुमाल. सर्दी झाली म्हणून ती शनिवारपासून बाहेर पडली नव्हती. तिनं आम्हाला शेगडीजवळ बसवलं आणि न विचारता लोणी लावलेले जाड पाव पुढे केले.

सबंध गावात डोरीनविषयी कुणी वाईट बोलत नाही. तिचा नवरा जॅक जाऊन एकोणीस वर्षं झाली. दर शनिवारी ती जॅकच्या जागेमागे उभी राहते, आणि कुणी ना कुणी तिच्यासाठी चहा घेऊन जातं. सांगावं लागत नाही. तिच्यासाठी पेला धरणं हा पोरांच्या वाढण्याचा एक टप्पा झालाय.

"मी नव्या स्टँडच्या बाजूनं आहे, विनिफ्रेड," ती म्हणाली. "या पोरींना कपडे बदलायला जागा नाही गं, गाडीत बदलतात. मेलेल्यांनी जागा अडवून बसू नये. जॅक असता तर हेच म्हणाला असता."

"जॅकची नोंद माझ्याकडे झाली नव्हती."

"इथं नव्हता ना गेला तो. समुद्रातल्या तेलाच्या विहिरीवर कामाला होता. तिकडेच गेला. मला डबा तेवढा मिळाला." तिनं चहा ढवळला. साखर घातलेली नव्हती.

"शनिवारी तू कुठे होतीस?"

"मी? एकावन्न वर्षं जिथं असते तिथं. पूर्वार्धात कालवा, उत्तरार्धात गिरणी. टोबी क्रॉशॉनं शेवटाला पेनल्टी मारली ना, ती अगदी माझ्यासमोर आली. जॅकच्या पुढ्यात, जाळ्यात. दोन एक. अंगावर काटा आला बघ."

मी मान डोलावली. इतकी वर्षं तिच्या तोंडून हेच ऐकत आलोय.

निघताना बाईंनी संमतिपत्रांचा गठ्ठा मागितला. निळ्या फितीत बांधलेला, नीट, वर्णक्रमानं. रस्त्यावर आल्यावर त्या एका भिंतीला टेकल्या आणि एकेक कागद उलटू लागल्या. वारा होता, तरी त्यांनी घाई केली नाही.

"त्रेसष्ट," त्या म्हणाल्या.

"क्लिफही आधी तेच म्हणाला होता."

"हो. एक कागद कमी आहे." त्यांनी फीत पुन्हा बांधली. "हॅसलम नाव यात नाही."

५

"विसरली असेल," मी म्हणालो. "लोकांची कामं करणारं माणूस स्वतःचं विसरतंच."

बाईंनी गठ्ठा पिशवीत घातला. मंगळवारी त्यांनी मला परत मैदानावर बोलावलं. क्लिफ पांढऱ्या रेघा मारत होता. बाई पायऱ्यांवर उभ्या राहिल्या, खोलीच्या दारापासून वीस हातांवर.

"शनिवारचं सगळं मला सांगा. क्रमानं. पहिला गोल कुणी केला?"

"आपणच. बाराव्या मिनिटाला."

"कुठल्या टोकाला?"

मी तोंड उघडलं आणि 'कालवा' म्हणणार तोच माझी जीभ अडखळली. टिपणांची वही काढली. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: नाणेफेक त्यांच्या कप्तानानं जिंकली. टोकं फिरवली.

हे क्वचित होतं. नाणेफेक जिंकली की आमचा कप्तान नेहमी पूर्वार्धात कालव्याकडे हल्ला घेतो. पण शनिवारी पाहुण्यांनी जिंकली, आणि मुद्दाम उलटं केलं. त्यामुळे कालव्याच्या टोकाला जमलेले सगळे चहासकट चालत गिरणीच्या टोकाला आले.

"हॅरल्डची बाही तिथं भिजली," बाई म्हणाल्या. "सामना सुरू व्हायच्या आधी कुणी टोक कशाला बदलेल, हे मला रविवारपासून खुपत होतं. तुम्हाला का नाही खुपलं ते आता कळतं. तुमचा तो श्लोक आहे. पूर्वार्धात कालवा, उत्तरार्धात गिरणी. तो म्हणताना कुणी शनिवार आठवत नाही."

"म्हणजे पूर्वार्धात इथं..."

"किती माणसं होती?"

"दोनशे तरी."

"दोनशे माणसं, काही या दाराकडे पाठ करून, काही तोंड करून. आणि त्यांच्यासमोर कुणी वही काखेत मारून गेलं? नाही. चोरी पूर्वार्धात झालीच नाही. पावणेतीन ते नाणेफेक, एवढाच वेळ. तेव्हा सगळे कालव्याकडे, हे टोक रिकामं."

क्लिफचं रेघा मारायचं यंत्र दूरवर थांबलं होतं.

"त्या पंधरा मिनिटांत नवीद अख्ख्या गावासमोर पदकं देत होता," बाई पुढे म्हणाल्या. "हॅरल्ड दारात भांडत होता, तुम्ही स्वतः पाहिलंत. उरला क्लिफ. त्याला वही दडवायची असती तर ती नाही हे सांगायला तो धावत आला नसता. शुक्रवारपर्यंत गप्प बसला असता."

मला पुढचं ऐकायचं नव्हतं. पण त्या नोंदवहीत लिहिल्यासारख्या बोलत राहिल्या, ना चढ ना उतार.

"उत्तरार्धात आपला संघ कालव्याकडे हल्ला करत होता. पेनल्टी कालव्याच्या टोकाला झाली. जॅकची जागा तिथून शंभर पावलं. डोरीननं ती पाहिली नाही. रेडिओवर ऐकली, आणि नेहमीसारखी जॅकच्या पुढ्यात जाळ्यात घातली. नाणेफेक व्हायच्या आधीच ती या लहान फाटकातून गेली होती, म्हणून टोकं फिरल्याचं तिला ठाऊक नाही. ती नव्हती हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण ती नेहमी असते. गिरणीचं धुराडं आहे का, हे कुणी वळून बघतं का?"

"पण का?" मी म्हणालो. "नवा स्टँड सगळ्यांत जास्त तिलाच हवाय."

"ते मला अजून माहीत नाही," बाई म्हणाल्या. आणि त्यांनी क्लिफकडे पाहिलं. तो यंत्र तिथंच सोडून खोलीच्या मागं निघून गेला होता.

६

बुधवारी दुपारी आम्ही पुन्हा तिच्या दारात. तिनं बाईंचा चेहरा पाहिला आणि या वेळी पाव पुढे केले नाहीत.

बाईंनी नाणेफेकीचं सांगितलं. दोन वाक्यांत. डोरीन ऐकत राहिली. मग हसली, अगदी थोडं.

"फिरवली होय टोकं. मेल्यांनी. अकरा वर्षांत एकदा फिरवतात, ती नेमकी त्या दिवशी."

"वही कुठे आहे?"

"आहे. पानाला सुरकुतीसुद्धा नाही. शेगडीजवळ दोनदा घेऊन बसले, नाही झालं. हॅरल्डची आई आहे तिच्यात. विल्फ आहे." तिनं निळा रुमाल गळ्यातून काढून मांडीवर त्याची घडी घातली. "तुला हवी तर तुझ्या पिशवीत घालते. तू म्हणशील सापडली, बादलीमागे पडली होती. लोक ऐकतील तुझं."

"ऐकतील. आणि शुक्रवारी पालिका एकेक नाव दाखल्याशी ताडेल."

डोरीननं रुमालाची घडी पुन्हा उलगडली.

"मी अडतीस वर्षं लोकांना तारखा विचारल्या," बाई म्हणाल्या. "कारण कधी विचारलं नाही. तुलाही विचारत नाही. वही मी नेणार नाही, डोरीन. मी नेली तर ती चोरीची होते. तू आणलीस तर ती तूच सांभाळलेली होते. उद्या सात वाजता सभा आहे."

"आणि नाही आले तर?"

"तर मी नवीदला सांगेन की मला काही सापडलं नाही. ते खोटं असेल, आणि माझं पहिलंच. पोरी मात्र गाडीतच कपडे बदलतील."

बाहेर आल्यावर मी विचारलं, ती येईल का. बाईंनी कोटाचं वरचं बटण लावलं आणि म्हणाल्या, "मला माणसं एकदाच भेटायची, टेबलापलीकडे. नंतर ती काय करतात, हे मी कधी पाहिलं नाही."

७

शाळेच्या सभागृहात खुर्च्या पुरल्या नाहीत. एका बाजूला हॅरल्डचा तट, दुसऱ्या बाजूला नवीदचा, मधल्या वाटेत लग्नातल्यासारखं अंतर.

"उद्या बारानंतर हा प्रश्नच उरत नाही," नवीद सांगत होता. "पैसा जाईल. आपण अकरा मैल बसनं जाऊ."

"बस मी चालवीन," मागून हॅरल्ड म्हणाला. हशा झाला. "पण एक सांग नवीद. तुझा दवाखाना होईल, खोल्या होतील. मग जागेची किंमत वाढेल, आणि दहा वर्षांनी कुणी सुटातला येऊन म्हणेल, फुटबॉल दुसरीकडे खेळा. तेव्हा माझ्या आईला पुन्हा उकरणार?"

"म्हणून तर करारात लिहून घेतोय, नव्वद वर्षं मैदान गावाचंच."

"नव्वद वर्षांनी तू असशील बघायला?"

"तुझ्यासारख्या भांडखोरांचे नातू असतील ना. ते सोडणार आहेत होय?"

हॅरल्डनं बोट उगारलं. तेवढ्यात दार वाजलं.

डोरीन मधल्या वाटेनं आली. गळ्यात रुमाल नव्हता. हातात कापडी पिशवी. कुणीतरी सवयीनं खुर्ची रिकामी केली, कुणीतरी चहा आणायला उठलं. ती थांबली नाही. टेबलापाशी येऊन तिनं पिशवीतून काळ्या पाठीची वही काढली आणि नवीदसमोर ठेवली.

सभागृहात आवाज उठला आणि बसला.

"मी घेतली होती," ती म्हणाली. "शनिवारी तीनच्या आधी. बादलीखालच्या किल्लीनं. क्लिफला काही बोलू नका, त्याचा दोष नाही."

"तू?" हॅरल्ड उभा राहिला होता. "डोरीन, तू तर त्यांच्या बाजूची. मला आठवडाभर लोक चोर म्हणतायत."

"म्हणतायत. मी घरात बसून ऐकत होते. त्याची माफी मागते, हॅरल्ड, सगळ्यांसमोर."

"पण कशासाठी?"

तिनं वही उघडली. पान शोधावं लागलं नाही. "प्रत्येक नावापुढं दाखल्याचा आकडा आहे. एका नावापुढं नाही. क्लिफनं मागितला होता तेव्हा. मी म्हटलं, आणते. नंतर त्यानं कधी विचारलं नाही."

भिंतीशी उभा असलेला क्लिफ टोपीकडे बघत बोलला. "डबा मीच रिकामा केला होता, डोरीन. मी मैदानाभोवतीच्या धावण्याच्या वाटेवर तीस वर्षं कोळशाची राख पसरलीय. मला कोळशाची राख ओळखू येते." तो थांबला. "म्हटलं, आपल्याला काय करायचंय."

"एकोणीस वर्षं तुला ठाऊक होतं?"

"माती आहे ती. कुणाचीही मावते."

डोरीननं टेबलाची कड धरली. पहिल्या रांगेत विनिफ्रेड ऑल्कॉक हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, जमिनीकडे पाहिलं. बहुधा त्यांच्या टेबलापलीकडे लोक असेच थांबत असावेत, आणि त्या अशाच वाट बघत असाव्यात.

"त्रेसष्ट जणांची माती जपून हलवा," डोरीन म्हणाली. "सह्या मी घेतल्यात, त्या खऱ्या आहेत. चौसष्टाव्या जागी माझ्या शेगडीतली राख आहे. ती फावड्यानं कुठंही टाका. तेवढ्यासाठी पोरींच्या खोल्या अडवू नका. मी अडवल्या होत्या, पाच दिवस. चिटणीसपद आत्ता सोडते."

चहा घेऊन आलेली मुलगी पेला हातात धरून दारातच उभी होती.

"डोरीन," हॅरल्ड म्हणाला. आवाज उतरला होता. "मग जॅक कुठे आहे?"

तिनं वही मिटली.

"मेला असं मीच सांगितलं तुम्हाला," ती म्हणाली. "तो जिवंत आहे, हॅरल्ड. मला सोडून गेला."